सहा किलोची सायकल

यवतमाळ जिल्ह्याच्या आर्णी तालुक्यातील ज्या खेड्यांत एस.टी.ची गाडी दिवसातून एकदोनदाच येते, तेथे सायकलची योग्यता आजवर तिच्या ओझे वाहण्याच्या ताकदीवरूनच ठरत आली आहे. हँडलला दुधाच्या दोन कॅना, मागे कॅरिअरवर सरकीच्या ढेपेचे पोते, पुढच्या दांडीवर मूल, आणि एवढे सारे घेऊन पावसाळ्यात काळ्या मातीची वाट तुडवल्यावरही जिचा चिमटा वाकत नाही व जिच्या चाकाचा आउट काढायला वरचेवर दुकानात जावे लागत नाही, ती सायकल उत्तम, असा या मुलखाचा शिरस्ता आहे. आणि तो अनुभवातून घडलेला असल्यामुळे त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. काळ्या रंगाची, अठ्ठावीस इंची चाकांची, दांड्यांच्या ब्रेकची ही सायकल मूळ इंग्लंडच्या नमुन्यावरून आली. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली मद्रासला, १९५१ साली सोनिपतला आणि १९५६ साली लुधियानाला निघालेल्या कारखान्यांनी ती खेडोपाडी पोहोचवली. कॅरिअर, स्टँड, मडगार्ड, चेनकव्हर हा सारा सरंजाम धरून तिचे वजन वीस किलोच्या आसपास भरते.

अशा ठिकाणी सहा किलो वजनाच्या सायकलचा विषय काढला म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो ती मोडणार नाही काय हा, आणि दुसरा येतो तो एवढा खटाटोप कशासाठी हा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि दोहोंचे उत्तर एकच आहे. अतिहलकी सायकल ही कोणाही माणसाने कोणत्याही रस्त्यावर चालवण्यासाठी नसतेच. एका विशिष्ट माणसाच्या देहासाठी, विशिष्ट रस्त्यासाठी आणि विशिष्ट कामासाठी ती बांधलेली असते. आपली नेहमीची सायकल जड असते, कारण तिच्यावर कोण बसेल, किती ओझे लादील आणि कोणत्या वाटेने नेईल हे बांधणाऱ्याला ठाऊक नसते, आणि या साऱ्या अज्ञाताची तजवीज त्याला पोलादाच्या रूपाने आगाऊच करून ठेवावी लागते. बांधणाऱ्याला स्वाराविषयी आणि वाटेविषयी जसजसे अधिक कळत जाते, तसतसे त्याला ते पोलाद काढून घेता येते.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९७२ सालचे आहे. बेल्जियमचा विख्यात सायकलपटू एडी मर्क्स त्या वर्षी २५ ऑक्टोबर रोजी, एका तासात जास्तीत जास्त अंतर कापण्याचा विक्रम करण्याच्या उद्देशाने मेक्सिको सिटीच्या सायकल धावपट्टीवर उतरला. समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वादोन हजार मीटर उंचीवरील ते शहर त्याने तेथील विरळ हवेसाठी निवडले होते. सायकल बांधली होती इटलीच्या एर्नेस्तो कोल्नागो या कारागिराने. तिचे वजन ५.७५ किलो होते, आणि विशेष लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की तिची फ्रेम पोलादाचीच होती. कोल्नागोने नळ्या शक्य तेवढ्या पातळ घेतल्या, साखळीच्या कड्यांनासुद्धा भोके पाडली, रेशमी धाग्यांचे अत्यंत हलके टायर बसवले, आणि हँडल धरून ठेवणारा स्टेम टायटॅनियमचा हवा असता तो जोडून देणारा कोणी इटलीत न मिळाल्यामुळे अमेरिकेतून करून आणवला. धावपट्टीच्या सायकलला ब्रेक आणि गिअर लागत नाहीत, ते नव्हतेच. मर्क्सने त्या तासात ४९.४३१ किलोमीटर अंतर कापले, आणि ती सायकल आज ब्रुसेल्समध्ये त्याच्याच नावाच्या मेट्रो स्थानकात ठेवलेली आहे. हीच सायकल त्या काळी कोणी आपल्या रस्त्यावर आणली असती, तर पहिल्या पावसाळ्यापलीकडे तिचा टिकाव लागला नसता. पण तो काही कोल्नागोच्या कारागिरीचा दोष ठरला नसता, कारण त्याच्यापुढे एकच स्वार, एकच गुळगुळीत पट्टी आणि एकच तास होता, आणि तेवढ्याचाच हिशेब त्याने केला होता.

सायकल हलकी करण्याचा हा खटाटोप पुढे इतका वाढला, की आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाला २००० सालापासून शर्यतीच्या सायकलचे वजन ६.८ किलोपेक्षा कमी असू नये असा नियम करावा लागला. हा नियम शर्यतीपुरता आहे. हौशी माणसावर त्याचे बंधन नाही, आणि म्हणून खरे हलके नमुने शर्यतीच्या बाहेरच आढळतात. २०१४ साली ट्रेक या अमेरिकन कंपनीने ४.६५ किलोची रस्त्यावरची सायकल विक्रीला काढली. जर्मनीतील गुंटर माय या गृहस्थाने एकेक सुटा भाग निवडून, घासून, प्रसंगी मुद्दाम घडवून घेऊन आपली सायकल ३.१ किलोपर्यंत आणली. पुढे ती अमेरिकेतील फेअरव्हील बाइक्स या दुकानाकडे गेली, आणि त्यांनी तिचे आणखी काही भाग बदलून वजन २.७ किलोवर नेले. गिअर आणि ब्रेक यांसह पूर्ण चालती सायकल एवढ्या वजनात बसू शकते, यावर पहिल्या ऐकण्यात विश्वास बसत नाही.

आता हे वजन जाते कोठे, ते पाहू. सायकलची फ्रेम म्हणजे नळ्यांचा सांगाडा. आणि नळीचा ताठरपणा तिच्या धातूइतकाच तिच्या व्यासावर अवलंबून असतो. तेवढाच धातू घेऊन नळीचा व्यास दुप्पट व जाडी निम्मी केली, तर वजन तेवढेच राहून ताठरपणा चौपट होतो. मग व्यास वाढवत आणि पत्रा पातळ करत का जाऊ नये, तर एका मर्यादेपलीकडे पातळ नळी दगड लागताच चेपते आणि भाराखाली दुमडते. शिवाय नळीवर सर्वत्र सारखा ताण नसतो. ताण एकवटतो तो सांध्यांपाशी. हे ओळखून बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड मिलवर्ड रेनल्ड्स यांनी १८९७ साली टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा नळीचे पेटंट घेतले. बाहेरून पाहता ही नळी एकसारखीच दिसते. मात्र टोकांना ०.८ मिलिमीटर असलेली तिची भिंत मध्यावर ०.५ मिलिमीटर होते, आणि जेथे कामच नाही तेथील पोलाद नाहीसे होते. त्याच कंपनीची १९३५ सालापासून निघालेली ५३१ क्रमांकाची नळी पुढची कित्येक दशके शर्यतीच्या सायकलची ओळख होऊन बसली. त्यानंतर १९७०च्या दशकात आलेल्या ७५३ क्रमांकाच्या नळ्या तर इतक्या पातळ होत्या, की पितळी जोडाच्या उष्णतेने त्यांचे पाणी उतरे. त्या चांदीच्या जोडानेच, कमी तापमानावर जोडाव्या लागत. ज्या कारागिराला त्या हव्या असत, त्याने आधी एक जोड करून कंपनीकडे तपासणीस पाठवायचा, आणि तो पसंतीस उतरला तरच त्याला नळ्या मिळायच्या, असा तिचा दंडक होता. आपल्याकडे सनद मिळाल्यावाचून वकिली करता येत नाही, तशी ही जोडकामाची सनदच म्हणावी; आणि माझ्या मते सायकलच्या इतिहासात कारागिराच्या हाताला मिळालेला हा सर्वांत मोठा मान आहे.

धातूंविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. ॲल्युमिनियम पोलादाच्या सुमारे एक तृतीयांश वजनाचे आहे, म्हणून त्याची सायकल आपोआप हलकी होते असे पुष्कळांना वाटते. परंतु ॲल्युमिनियमचा अंगचा ताठरपणाही पोलादाच्या एक तृतीयांशच आहे, आणि टायटॅनियम वजनात व ताठरपणात दोहोंच्या मधोमध बसते; म्हणजे वजनाच्या मानाने ताठरपणा मोजला, तर तिन्ही धातू जवळजवळ एकाच पंक्तीला येतात. ॲल्युमिनियमचा फायदा मिळतो तो हलक्या धातूची नळी रुंद व्यासाची करता येते म्हणून. त्याच्याबाबत आणखी एक सावधगिरी अशी, की पोलादावर एका मर्यादेच्या आतला ताण लक्षावधी वेळा आला तरी ते थकत नाही, पण ॲल्युमिनियमला अशी सुरक्षित मर्यादा नाही; लहान लहान ताणांची नोंद ते जणू दप्तरी ठेवत जाते, आणि एक दिवस तडकते. म्हणून हलका ॲल्युमिनियम स्टेम किंवा हँडल ठरावीक काळाने बदलणे, ते धडधाकट दिसत असले तरी, शहाणपणाचे आहे.

कार्बनचा प्रकार मात्र सर्वस्वी निराळा. धातू सर्व दिशांनी सारखाच बळकट असतो. कार्बनचा तंतू केवळ आपल्या लांबीच्या दिशेने बळकट असतो, आणि त्याला राळेच्या जातीच्या रासायनिक गोंदात बसवून, एकावर एक थर देऊन, साच्यात दाबून, तापवून फ्रेम तयार करतात. पायडलच्या दाबाने जेथे फ्रेमला पीळ पडतो तेथे तिरपे थर, जेथे ताण उभा आहे तेथे उभे थर, आणि जेथे काही नाही तेथे एखादाच थर, अशी प्रत्येक सांध्याची स्वतंत्र आखणी करता येते. आणि रेनल्ड्सने पोलादाच्या नळीत जे केले, तेच येथे तंतूगणिक करता येते. म्हणूनच २०२० साली स्पेशलाइज्ड कंपनीने काढलेल्या एका कार्बन फ्रेमचे वजन ५८५ ग्रॅम, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातील एखाद्या बेताच्या पातेल्याएवढे भरले. पण जी ताकद एका दिशेसाठी दिली ती दुसऱ्या दिशेने मागता येत नाही. अशी फ्रेम स्वाराला घेऊन घाट चढेल, आणि तीच फ्रेम टेम्पोच्या टपावर दोरीने करकचून आवळली तर चिरडेल. शिवाय पोलाद मोडण्यापूर्वी वाकून सूचना देते, कार्बन देत नाही; आघातानंतर वरचा रंग शाबूत दिसला तरी आतले थर सुटलेले असू शकतात. जाणते लोक संशयित जागी नाण्याने टिचक्या मारून पाहतात, आणि टणक आवाजाऐवजी बोदा आवाज आला की ती सायकल चालवणे तत्काळ थांबवतात.

फ्रेमनंतर येतात चाके, आणि मला विचाराल तर सायकलमधील सर्वांत विलक्षण वस्तू चाक हीच आहे. बैलगाडीच्या चाकात खालचा लाकडी आरा खांबासारखा उभा राहून भार पेलतो. सायकलचा आरा म्हणजे दोन मिलिमीटर जाडीची तार. ती खांब होऊन उभी राहू शकत नाही, दाबली की वाकते. म्हणून सगळ्या तारा बसवतानाच भरपूर ताणून ठेवतात, आणि भार आला की जमिनीलगतच्या तारांचा ताण थोडा कमी होतो, एवढेच. जोवर तो शून्यावर जात नाही तोवर चाक आपला आकार सोडत नाही. हे कळले म्हणजे हलक्या चाकाचे सारे गणित उलगडते. इंग्रजी नमुन्याच्या आपल्या सायकलला पुढे ३२ आणि मागे ४० आरे असतात. हलक्या स्वारासाठी पुढे २० आणि मागे २४ आऱ्यांवर भागते, पण मग प्रत्येक आऱ्याचा ताण अधिक आणि परस्परांशी अधिक काटेकोरपणे जुळलेला असावा लागतो. येथे टोकांना दोन व मध्ये दीड मिलिमीटर जाडीचे आरे वापरतात. मधला पातळ भाग थोडा अधिक ताणला जातो, आणि त्यामुळे वाकाशी आरा तुटण्याचा संभव उलट कमी होतो. आरा रिमला कसून धरणारे पितळी निप्पल एक ग्रॅमचे, ॲल्युमिनियमचे त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचे. ४४ निप्पलांत मिळून तीस ग्रॅम वाचतात. परंतु दमट हवेत आणि घामाच्या खारात ॲल्युमिनियमची निप्पले झिजून फुटतात, म्हणून तेवढे तीस ग्रॅम मी तरी वाचवणार नाही. जर्मनीत हाइन्झ ओबरमायर आणि रुडॉल्फ डिअर्ल या दोघा कारागिरांनी आऱ्यांसकट सबंध कार्बनचे चाक हाताने घडवण्याची रीत बसवली, आणि ती चाके पुढे जगातील सर्वांत मोठ्या शर्यतींत धावली.

चाकांबरोबर टायर आले, आणि येथे यवतमाळ जिल्ह्याने कान टवकारावेत अशी एक गोष्ट आहे. टायर वेगाने धावतो की रटाळ चालतो, हे वरच्या रबरापेक्षा आतल्या कापडावर अधिक ठरते. रस्त्यावरून फिरताना टायर सतत चेपतो आणि पुन्हा फुगतो. कापड जाडेभरडे असेल तर या चेपण्यात स्वाराची शक्ती वाया जाते, आणि ते तलम व लवचीक असेल तर पुष्कळशी परत मिळते. साधारण टायरचे नायलॉन कापड एका इंचात काही थोडक्या धाग्यांचे असते. उत्तम प्रतीच्या हातबनावटीच्या टायरांचे कापड इंचाला तीनशेहून अधिक धाग्यांचे असते, आणि तो धागा असतो कापसाचा. ज्या पिकावर या जिल्ह्याचे सारे बरेवाईट अवलंबून आहे, ते पीक अतिशय वेगवान सायकलींच्या टायरात बसलेले आहे. मात्र त्या कामाला लांब धाग्याचा कापूस लागतो, आणि आपल्याकडे मुख्यतः त्याहून आखूड धाग्याचा होतो. खडबडीत टायर काढून असे तलम टायर घातले, तर सपाट रस्त्यावर दोन्ही चाके मिळून जी दहा-पंधरा वॅट शक्ती वाचते, ती फ्रेममधून अर्धा किलो वजन काढूनही वाचणार नाही. पण या टायरांचे आयुष्य आपल्याकडे बाभळीच्या काट्याच्या हातात असते. कडेच्या धुऱ्यावरून रस्त्यावर येऊन पडलेला एक काटा सगळी गणिते खोटी पाडतो. म्हणून येथल्या रस्त्यासाठी सायकल बांधताना टायरवर पन्नास-शंभर ग्रॅम जास्तीचे मंजूर करून २८ मिलिमीटर रुंदीचे घ्यावेत, आणि आत लॅटेक्सचा तो पातळ द्राव घालावा, जो काट्याच्या छिद्रात जाऊन थिजतो व हवा राखतो, असे माझे स्पष्ट मत आहे. रिमला गोंदाने चिकटवण्याच्या टायरांचा मोह तर वैशाखातील विदर्भात धरूच नये; तापलेल्या रिमवर तो गोंद मऊ पडतो.

वजन कमी केल्याने नेमके मिळते काय, याचा हिशेब शाळेत शिकलेल्या पदार्थविज्ञानाने होतो. एक किलो वजन ५०० मीटर उंचीवर चढवायला सुमारे ४,९०० ज्यूल ऊर्जा लागते. चांगला हौशी स्वार सतत २०० वॅट शक्ती देऊ शकतो असे धरले, तर त्या एका किलोपायी त्याचे २५ सेकंद खर्ची पडतात. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत 'घाटाचा राजा' हा किताब ज्या बोरघाटात ठरतो, त्याचा खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंतचा चढ साधारण एवढ्याच उंचीचा आहे. तेव्हा वीस किलोच्या सायकलऐवजी सहा किलोची घेतली, तर त्या घाटात सुमारे पावणेसहा मिनिटे वाचतात, आणि सात किलोऐवजी सहा किलोची घेतली, तर पंचवीसच सेकंद. पहिल्या बचतीला पैसा माफक लागतो, दुसरीला अफाट. आणि म्हणून शर्यत जिंकणे हाच ज्याचा व्यवसाय नाही, त्याने सात किलोंशी थांबण्यात कोणतीही उणीव नाही. सपाट रस्त्यावर तर ताशी तीस किलोमीटर वेगाने जाणाऱ्याची बहुतेक शक्ती हवा कापण्यात जाते आणि सायकलच्या वजनाचा प्रश्न मागे पडतो. आर्णी अरुणावतीच्या खोऱ्यात आणि यवतमाळ सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर, त्यामुळे राष्ट्रीय महामार्ग ३६१ वरून यवतमाळकडे जाताना चढ आहे खरा. पण तो सौम्य आहे, आणि समोरून वारा सुटला तर चढापेक्षा वाराच अधिक दमवतो.

म्हणूनच वजनकाट्याआधी मोजपट्टी हातात घ्यावी लागते. स्कॉटलंडच्या ग्रेम ओब्री याने १९९३ साली, आपले सायकलचे दुकान बुडालेले असताना, स्वतःच्या हाताने एक सायकल बांधली. तिच्यात धुलाई यंत्राचे बेअरिंग बसवले. हात छातीखाली दुमडून घेता येतील असे हँडल केले. आणि १७ जुलै रोजी नॉर्वेतील हामार येथे एका तासात ५१.५९६ किलोमीटर अंतर कापून जागतिक विक्रम केला. ती सायकल अतिहलकी नव्हती. पण ती सर्वस्वी ओब्रीच्या देहासाठी होती, आणि तिच्यावर दुसऱ्या कोणाला बसता आले नसते. सामान्य माणसाला इतक्या टोकाला जाण्याची गरज नाही. जांघेपासून जमिनीपर्यंतची उंची मोजावी, तिला ०.८८३ ने गुणावे, आणि येईल तेवढे अंतर क्रँकच्या, म्हणजे पायडलच्या दांड्यांच्या, अक्षापासून सीटच्या माथ्यापर्यंत ठेवावे, हा फ्रान्समध्ये रूढ झालेला ठोकताळा आरंभासाठी पुरेसा आहे. ती उंची ८० सेंटिमीटर असेल तर हे अंतर ७०.६ सेंटिमीटर. मापात बसलेली आठ किलोची सायकल मापात न बसलेल्या सहा किलोच्या सायकलपेक्षा अधिक वेगाने आणि अधिक सुखाने चालते, हे मी पूर्ण खात्रीने सांगतो.

मग आर्णीसारख्या तालुक्याच्या गावी बसून कोणी अशी सायकल बांधायचे ठरवले, तर येथे काय होऊ शकते? फ्रेम, चिमटा, गिअर हे बाहेरूनच मागवावे लागतील. भाग हाती आले, की प्रत्येकाचे वजन छापील माहितीवर न विसंबता काट्यावर घालून वहीत नोंदवावे, आणि सराफाचा काटा या कामी उत्तम. सहा किलोंचा जमाखर्च साधारण असा पडतो: फ्रेम ८५० ग्रॅम, चिमटा ३३०, दोन्ही चाके १,२५०, टायर-ट्यूब ५२०, क्रँक आणि त्याचे बेअरिंग ६७०, सीट १२०, साखळी २४०, आणि उरलेले दोन किलो गिअर, ब्रेक, हँडल, पायडल व बोल्ट या किरकोळ बाबींत विखुरलेले असतात. खरी कसोटी या किरकोळ बाबींचीच. शेतीची अवजारे दुरुस्त करणाऱ्या लेथवर चकत्या, बाटलीच्या पिंजऱ्याचे बैठे भाग, गरजेपेक्षा लांब बोल्ट कापणे, सीटची दांडी मापात आणणे ही कामे व्यवस्थित होतात, आणि हौशी माणसाने ती स्वतः उभे राहून करून घ्यावीत. पोलादी बोल्टऐवजी टायटॅनियमचे घातले, तर त्या त्या ठिकाणी चाळीस टक्क्यांहून अधिक वजन कमी होते. परंतु स्टेम, हँडल, चिमटा आणि ब्रेकचा मुख्य बोल्ट यांना कानस लावण्याचा वा भोक पाडण्याचा विचार कोणी मनातही आणू नये, कारण त्यांतील एक तुटणे म्हणजे थेट दात आणि कवटी यांच्याशी गाठ आहे. कार्बनच्या भागांवर तर पाना नुसत्या हाताच्या अंदाजाने फिरवू नये. हँडलच्या बोल्टला साधारण पाच न्यूटन-मीटरचा जोर हवा असतो. तो दाखवणारा मोजपाना विकत घेणे हा या साऱ्या खर्चातील सर्वांत सार्थकी लागणारा खर्च होय.

बांबूविषयी येथे हमखास विचारणा होते, कारण वेळू या जिल्ह्याच्या जंगलांतच आहे. पुण्याचे शशीशेखर पाठक, जे हवाई दलातून निवृत्त झाले, त्यांनी बांबूच्या सायकली बांधून ती गोष्ट प्रत्यक्षात आणून दाखवली आहे. बांबू ही निसर्गाने दिलेली नळीच असून रस्त्याचे धक्के ती चांगले गिळते. मात्र आपल्याकडचा मानवेल जातीचा बांबू बहुधा भरीव असतो, आणि बांबूची फ्रेम उत्कृष्ट असली तरी अतिहलकी म्हणता येत नाही.

लांब पल्ल्याच्या स्वारांकडून मिळणारा धडा याहून वेगळा आणि अधिक मोलाचा आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र या महाजन बंधूंनी २०१५ साली दोघांच्या संघाने पूर्ण केली. २०१७ साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती बारा दिवसांच्या मुदतीत एकट्याने पार केली, आणि पुढच्याच वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही नऊ हजार किलोमीटरांहून मोठी शर्यतही त्यांनी पुरी केली. एवढ्या अंतरात स्वाराला हरवते ते सायकलचे वजन नव्हे. बसण्याची जागा सोलवटणे, तळहात बधिर होणे, मान न पेलणे या गोष्टी त्याला हरवतात. म्हणून जाणकार स्वार येथे हँडलवर जाड पट्टी, रुंद टायर, अधिक दातांचे मागले चक्र असे वजन आपणहून परत चढवतात, आणि चढासाठी एक व सपाटीसाठी दुसरी अशा सायकली बरोबर बाळगतात.

माझ्या मनात मात्र हा विषय निघाला की शर्यतीपेक्षा दुसरेच एक चित्र अधिक वेळ राहते. शासनाने मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली देण्याची योजना राबवली, आणि खेड्यातून तालुक्याच्या शाळेकडे येणाऱ्या मुलींच्या शिक्षणाला तिने हातभार लावला. आता हिशेब असा: सत्तर किलोचा शर्यतपटू सात किलोची सायकल चालवतो, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या दशांशाएवढी, आणि चाळीस किलोची मुलगी अठरा किलोची सायकल, पाच किलोच्या दप्तरासह, चढावर ढकलते, म्हणजे तिच्या देहाच्या निम्म्याहून अधिक वजन. हलक्या सायकलची निकड या दोघांत कोणाला अधिक आहे, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. आणि तिच्यासाठी लागणारी विद्या कार्बनची नाही, ती आर्णीच्या कोणत्याही सायकल दुकानात आहे. स्प्रिंगांची जड सीट बदलून साधी सीट, पोलादी क्रँकच्या जागी ॲल्युमिनियमचा, मधल्या दणकट स्टँडऐवजी एका पायाचा हलका स्टँड, एवढ्यावर आणि रिम बदलल्यावर मिळून तीन किलोंच्या आसपास वजन कमी होते. कॅरिअर आणि चेनकव्हर मात्र काढू नयेत, कारण दप्तर ठेवायला जागा हवी आणि ओढणी साखळीत जाता कामा नये. या सगळ्यांत आधी करायचा बदल रिमचा: जुने हब तसेच ठेवून, तेवढ्याच भोकांच्या ॲल्युमिनियमच्या रिमला नवे आरे घालून आउट काढून दिला, की दोन चाकांत पाऊण किलोच्या आसपास वजन उतरते; आणि पोलादी रिमवर पावसात जो ब्रेक घसरत राहतो, तो ॲल्युमिनियमच्या रिमवर पुष्कळ लवकर पकड घेतो.